पार्ल्यातल्या शाळेचा लाकडी मजला

कोल्हापूरहून निघालेली बस सकाळी पार्ल्याच्या उड्डाणपुलाखाली थांबली तेव्हा उतरणारी मी एकटीच होते. क्लीनरने बॅग काढून पायाशी ठेवली, दार आपटलं आणि बस बोरिवलीकडे निघून गेली. रात्रभर पाय दुमडून बसल्याने गुडघे आखडले होते. पुलाच्या खांबाला टेकून मी थोडा वेळ नुसती उभी राहिले. मार्च नुकता लागला होता, पण घाटावरच्या माणसाला मुंबईत उतरल्याबरोबर जाणवतो तो चिकटपणा इतक्या सकाळीही हवेत होता.

खरं तर मला यायचं नव्हतं. मी आर्किटेक्ट आहे आणि गेली तीसेक वर्षं जुन्या इमारतींच्या दुरुस्तीची कामं करते. नदीचे घाट, देवळांचे सभामंडप, संस्थानी काळातले दवाखाने. अलीकडे मात्र मला बोलावतात तेव्हा निर्णय बहुतेक झालेलाच असतो. पाडायचं ठरलेलं असतं आणि कुणी जाणकार येऊन गेल्याचं दाखवायचं असतं. मी जाते, मोजमापं घेते, अहवाल देते. पुन्हा कधी त्या रस्त्याने गेले की त्या जागी काचेचं काहीतरी उभं असतं. गेल्या दिवाळीत मी नवऱ्याला सांगून टाकलं होतं, आता बास. पण हा फोन माझ्या जुन्या मैत्रिणीचा, मुक्ताचा होता, आणि मुक्ताला नाही म्हणणं मला जमलेलं नाही.

मुंबईत शिकत होते तेव्हा पाच वर्षं मी पार्ल्यात मुक्ताच्या घरी राहिले. दोन खोल्यांच्या त्या घरात ती, तिची आई, नाना आणि मी. नाना म्हणजे तिचे वडील. इथल्याच एका जुन्या हायस्कुलात ते चित्रकला शिकवायचे. कॉलेजात मला इमारती काढायला शिकवलं, पण बघायला नानांनी शिकवलं. खिडकीची चौकट काढण्याआधी त्या खिडकीतून येणारा उजेड जमिनीवर कुठे पडतो ते बघ, असं ते म्हणायचे. आता ते पंच्याऐंशीच्या पुढे आहेत. मुक्ता त्याच शाळेत शिकली, तिथेच शिक्षिका झाली आणि आता मुख्याध्यापिका आहे.

"अगं, शाळेची वाट लागली आहे," ती फोनवर म्हणाली होती. "संस्थेला पाडून सात मजले बांधायचेत. माजी विद्यार्थी म्हणतात हात लावू देणार नाही. रविवारी सगळ्यांची सभा आहे. तू फक्त बघून सांग ना, ती उभी राहील की नाही. तुझं नाना ऐकतील, आणि नानांचं ते विद्यार्थी."

रिक्षावाल्याला मी शाळेचं नाव सांगितलं. (ते इथे मुद्दाम लिहीत नाही.) तो म्हणाला, "दगडी शाळा बोला ना. नावाने कोण ओळखतो?"

पार्ल्याचे रस्ते मला ओळखू आले नाहीत. बंगले गेले होते. त्यांच्या नावाच्या पाट्या मात्र नव्या इमारतींच्या फाटकांवर होत्या. झाडं बरीचशी जागेवर होती, आणि त्या झाडांवरून मी अंदाज बांधत होते की इथे दवाखाना होता, इथे पिठाची गिरणी. रिक्षा एका वळणावर थांबली आणि समोर शाळा दिसली. तिच्यात काहीच बदललं नव्हतं. मला आनंद व्हायला हवा होता, पण मनात आलं ते एवढंच, की ही आता एकटी उरली आहे.

ही इमारत दोन वेगवेगळ्या हातांनी बांधली आहे हे रस्त्यावरूनच कळतं. जोतं काळ्या दगडाचं, कमरेएवढं उंच. त्यावर तळमजल्याच्या भिंती मालाडच्या दगडाच्या. तो दगड पिवळसर असतो आणि उन्हात थोडा मधासारखा दिसतो. समोर लांबच लांब ओटी, तिला दगडी कमानी, आणि कमानींच्या मागे वर्ग. इथपर्यंत सगळं भारदस्त आहे. त्याच्या वर मात्र दुसरीच इमारत बसवल्यासारखा लाकडी मजला आहे. सागवानी खांब, खांबांच्या मध्ये विटा, कठड्याला साध्या उभ्या पट्ट्या, आणि सगळ्यावर मंगलोरी कौलांचं उतरतं छप्पर. खालचा मजला एखाद्या कचेरीसारखा दिसतो आणि वरचा कोकणातल्या घरासारखा.

शनिवारची सकाळची शाळा भरली होती. मुक्ता फाटकाशी उभी होती. केस पूर्ण पिकलेले, साडी चुरगळलेली, हातात एकावर एक फायली. तिने मला पाहिलं आणि म्हणाली, "किती बारीक झालीस गं," आणि लगेच मागे वळून एका मुलीवर ओरडली, की जिन्यावर पळायचं नाही. तिचा आवाज दमलेला होता. गेले सहा महिने दोन्ही बाजूंचे लोक रोज येऊन आपल्याला झापतात, असं ती नंतर म्हणाली.

मुख्याध्यापिकेच्या खोलीत आम्ही बसलो तोच डोक्यावरून विमान गेलं. शेजारच्या वर्गातली शिक्षिका वाक्याच्या मध्येच थांबली, विमान जाऊ दिलं आणि पुढचा शब्द बोलली. वर्गातल्या कुणी मान वर केली नाही. पार्ल्यात सगळे असेच बोलतात, हे मी विसरले होते.

शाळेच्या शिपाईबाई, सुरेखाताई, चहा घेऊन आल्या. मूळच्या सावंतवाडीकडच्या. वडील गिरणीत होते, गिरणी बंद पडल्यावर कुटुंब इकडे उपनगरात आलं. त्यांनी माझ्याकडे आणि माझ्या बॅगेतून डोकावणाऱ्या हातोडीकडे बघितलं.

"तुम्ही वर जातल्यात?" त्यांनी विचारलं. "जपान जावा (जपून जा). भिंतीकडसून चलू नकात (भिंतीच्या कडेने चालू नका)."

"का हो?"

"आवाज येता," त्या म्हणाल्या आणि कप घेऊन गेल्या.

नाना ओटीवर खुर्ची टाकून बसले होते. दर शनिवारी मुक्ता त्यांना रिक्षाने आणते आणि शाळा सुटली की घेऊन जाते. मी पाया पडले. त्यांनी माझा हात धरून ठेवला, सोडलाच नाही, आणि तसंच बोलायला लागले, जणू मी काल संध्याकाळी बाहेर गेले होते आणि आता परतले आहे.

शाळेची गोष्ट मी त्यांच्याकडून पूर्वीही ऐकली होती, पण त्या कमानीखाली बसून पहिल्यांदाच ऐकली. स्वातंत्र्याच्या बऱ्याच आधी एका बंगल्याच्या पडवीत दोन वर्ग सुरू झाले. त्या वेळी पार्ल्यात राहणारे लोक फोर्टातल्या कचेऱ्यांत कारकुनी करायचे. मुलांच्या शाळेसाठी त्यांनी एकेक करून माणसं जोडली. मालाडच्या खाणीतला दगड बैलगाडीने आला. नकाशा बांधकाम खात्यातल्या एका सरकारी ओव्हरसियरने रविवारी बसून काढला, म्हणून खालचा मजला कचेरीसारखा दिसतो. दगड जोत्यावर चढला, भिंती उभ्या राहिल्या आणि काम थांबलं. वरच्या मजल्याचा दगड आणणं झेपेना. दोन पावसाळे शाळा तशीच, झावळ्यांच्या छपराखाली भरली. मग कुणीतरी कोकणातून सुतार आणले. ते गलबतं बांधणारे सुतार होते. त्यांनी वरचा मजला लाकडात उभा केला.

"वर कैच्या बघ," नाना म्हणाले. (कैची म्हणजे छपराचं वजन पेलणारी लाकडी त्रिकोणी चौकट.) "खिळा नाही. सगळ्या लाकडाच्या खुंट्या. होडी उलटी करून ठेवल्यासारखं दिसतं. मी मुलांना सांगायचो, आपण बोटीच्या आत बसलो आहोत. आता वर जाऊन मला पुष्कळ वर्षं झाली. पाय नाहीत."

मग त्यांनी भिंतीवर तळवा फिरवला. "निवृत्त झालो तेव्हा ही फार गळायची. मी मुलांना हाक मारली, माझ्या जुन्या विद्यार्थ्यांना. दोन मे महिने आम्ही खपलो. सगळं पक्कं करून घेतलं. त्यानंतर एक थेंब नाही बघ."

भिंतीचा वरचा भाग सिमेंटने लिंपलेला होता आणि त्यावर तेलरंग. मी तिकडे बघितलं, आणि मला आतूनच थकल्यासारखं झालं. हे मी अनेक ठिकाणी पाहिलं आहे. पण अजून काही ठोकून बघितलं नव्हतं, म्हणून गप्प राहिले.

दुपारी शाळा सुटली. मुलं गेल्यावर त्या इमारतीत इतकी शांतता पसरली की कौलांवरून चालणाऱ्या कावळ्याच्या नख्याही ऐकू येत होत्या. तळमजला मी आधी केला. दगड चोख होता. चुन्याच्या सांध्यांवर नख ओढलं तरी भुगा पडत नव्हता. खिडक्या बुटक्या ठेवल्या आहेत, बाकावर बसलेल्या मुलाला बाहेरचं झाड दिसावं इतक्या. दारांवरच्या झडपांतून वारा आरपार फिरत होता, आणि बाहेर अंग चिकट होत असताना आत बरं वाटत होतं. कुणा ओव्हरसियरला रविवारी बसून हे सगळं सुचलं, याचं मला कौतुक वाटलं. थकवा थोडा उतरला.

मग मी वर गेले. जिना मधोमध, रुंद, पायऱ्या मुलांच्या पावलांनी मध्ये झिजून पन्हाळीसारख्या झालेल्या. आणि वर पोचून मान वर केली तर नाना म्हणाले होते ते खरंच दिसलं. एकामागून एक कैच्या, काळसर, गुळगुळीत, आणि त्यांच्यामधून कौलांच्या काचेतून पडणारे उजेडाचे चौकोन. इथे आठवी आणि नववीचे वर्ग भरतात. फळ्यावर शनिवारचा सुविचार तसाच होता.

मी मधल्या भागातून चालले तेव्हा जमीन ठीक वाटली. भिंतीकडे वळले, आणि सुरेखाताईंचं बोलणं आठवेपर्यंत उशीर झाला होता. फळी मोडल्याचा आवाजही फारसा झाला नाही. ओल्या पुठ्ठ्यात जावा तसा माझा उजवा पाय पोटरीपर्यंत खाली गेला. मी बाकाला धरलं म्हणून बाकीची मी वर राहिले. खालच्या वर्गात माती आणि लाकडाचा चुरा पडल्याचं ऐकू आलं.

मुक्ता धावत वर आली. "हलू नकोस, हलू नकोस," म्हणत तिने मला काखेत धरून ओढून काढलं. पोटरी सोलवटली होती, रक्त येत होतं. पण मी आधी त्या भोकातून हात घातला. फळीखालच्या तुळईचं टोक भिंतीत जातं तिथे मी स्क्रूड्रायव्हर टेकवला आणि दाबला. तो मुठीपर्यंत आत गेला.

पुढचा तासभर मी पोटरीला ओढणी बांधून, मुक्ताच्या खांद्याला धरून, भिंतीच्या कडेच्या फळ्या उचकटत एकेक तुळई ठोकत गेले. बाहेरून लाकूड ठणठणीत, रंग दिलेला. आतून बहुतेक सगळी टोकं पोकळ. कारण सरळ होतं. जुन्या सुतारांनी भिंतीत तुळई बसवताना तिच्या टोकाभोवती बोटभर पोकळी ठेवली होती, हवा खेळण्यासाठी. दुरुस्तीत ती पोकळी सिमेंटने बुजवली गेली. वर बाहेरून सिमेंटचा गिलावा आला. त्याला बारीक तडे जाऊन पाणी आत शिरत राहिलं आणि बाहेर पडायला वाट उरली नाही. गळती दिसेनाशी झाली, कारण सगळं पाणी लाकडं पीत होती.

मी हे मुक्ताला सांगितलं. ती बाकावर बसली.

"म्हणजे नानांनी केलेल्या दुरुस्तीने."

"हो."

"आणि मुलं? आज सकाळी इथे पन्नास मुलं बसली होती, यार."

"आता एकही बसवायचं नाही."

नंतर तिने मला कोपऱ्यावरच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टरीणबाईंनी जखम धुतली, धनुर्वाताचं इंजेक्शन दिलं आणि पट्टी बांधता बांधता विचारलं, "शाळेत लागलं का? मी तिथलीच. वर होते नववीत. पाडणार का हो?" मी म्हणाले, अजून माहीत नाही. त्या म्हणाल्या, "माझा मुलगा तिथे घातला नाही मी. लिफ्ट नाही, बाथरूम नीट नाही. पण पाडू नये असंही वाटतं." आणि स्वतःच थोड्या ओशाळल्या.

परत येताना मुक्ता रस्त्यात थांबली. "नानांना सिमेंटचं सांगू नकोस," ती म्हणाली. "लाकूड जुनं झालं, एवढंच सांग. ते त्या दुरुस्तीवर जगतात गं. आई गेल्यावर त्यांना तेच उरलंय. ऐकतील आणि खचतील."

मी हो म्हणाले. विरोध करायला अंगात बळ नव्हतं, आणि तिचं चुकत होतं असंही वाटलं नाही. अहवालात कारण लिहिलं काय आणि न लिहिलं काय, मुलं खाली येणार होती.

मुक्ताचं घर आता सहाव्या मजल्यावर आहे. जुनी इमारत पाडून झालेला टॉवर. सुरेखाताईंनी डब्यात आंबोळ्या (तांदूळ-उडदाच्या आंबवलेल्या पिठाची जाळीदार धिरडी) आणि काळ्या वाटाण्याचं सांबारं दिलं होतं. मला किती भूक लागली आहे हे पहिला घास तोंडात गेल्यावर कळलं. नाना हळूहळू जेवत होते. माझ्या पायाच्या पट्टीकडे त्यांनी दोनदा बघितलं.

"काय झालंय तिला?" त्यांनी विचारलं. आधी मला वाटलं ते मुक्ताबद्दल विचारतायत. ते शाळेबद्दल विचारत होते.

"लाकडाचं वय झालंय, नाना."

ते चावायचे थांबले. "वय झालं म्हणून सागवान कुजतं का गं?"

मी आंबोळीचा तुकडा सांबाऱ्यात बुडवला. मुक्ता उठून पाणी आणायला गेली. जेवण झाल्यावर त्यांनी मुक्ताला सांगितलं, उद्या सभेच्या आधी मला वर जायचं आहे. ती नाही म्हणाली, दोनदा म्हणाली. त्यांनी फक्त मान हलवली.

रविवारी सकाळी त्यांना जिना चढायला खूप वेळ लागला. एका बाजूने मी, माझाही पाय सुजलेला, आणि दुसऱ्या बाजूने मुक्ता. प्रत्येक वळणावर ते थांबून कठड्याला हात लावत होते. वर आल्यावर मान वर करून त्यांनी कैच्यांकडे बघितलं, आणि त्यांचा चेहरा क्षणभर मी पूर्वी पाहिला होता तसा झाला. मी त्यांना मधल्या बाकावर बसवलं, तिथली जमीन पक्की होती.

"तो तुझा स्क्रूड्रायव्हर दे," ते म्हणाले.

भिंतीपाशी जायला मी त्यांना मनाई केली. त्यांनी ऐकलं नाही. शेवटी मी पुढे दोन जाड फळ्या आडव्या टाकल्या आणि त्यांना धरून नेलं. काल मी फळ्या उचकटल्या होत्या तिथे वाकून त्यांनी भिंतीत शिरणारं तुळईचं टोक आधी बोटांनी चाचपलं, सिमेंटची कड शोधली, आणि तिच्या लगत स्क्रूड्रायव्हर टेकवला. त्यांच्या हातात जोर नव्हता. तरीही तो आत गेला. त्यांनी काढला, शेजारच्या तुळईत घातला. तिथेही गेला. टोकाला चिकटलेला तपकिरी, ओला भुगा त्यांनी अंगठ्याने पुसला आणि वास घेतला.

"मीच कोंडलं तिला," ते म्हणाले.

मुक्ता म्हणाली, "नाना, तुम्हाला काय माहीत होतं तेव्हा? सगळेच तसं करायचे."

"करायचे," ते म्हणाले. मग ते बाकावर येऊन बसले. बाहेर आवारात गाड्या लागत होत्या, माणसं जमत होती, खालून बोलण्याचा गलका येत होता. मी त्यांच्या शेजारी बसले. दुखावलेल्या इमारतींजवळ काय करायचं ते मला माहीत आहे, पण त्या माणसाजवळ मी नुसती बसून राहिले. त्यांचे हात मांडीवर होते आणि बोटांना तो भुगा अजून लागलेला होता.

सभा खालच्या सभागृहात होती. एका बाजूला संस्थेचे लोक, दुसऱ्या बाजूला माजी विद्यार्थी, मागे पालक. संस्थेच्या अध्यक्षांनी सात मजल्यांचं सुरेख चित्र भिंतीवर दाखवलं. विमानतळ जवळ असल्याने त्याहून उंच जाता येत नाही, असंही सांगितलं. मग मला बोलायला लावलं. मी जे पाहिलं ते सांगितलं. तळमजल्याचा दगड भक्कम आहे, तो पाडायचं काही कारण नाही. वरचा मजला धोक्याचा आहे, तो आजपासून बंद करावा आणि सुट्टीत उतरवावा. कैच्यांचं बरंचसं लाकूड चांगलं आहे, ते पुन्हा वापरता येईल.

माजी विद्यार्थ्यांचा पुढारी एक पन्नाशीचा वकील होता. तो उठला. "मॅडम, आम्ही स्वतः राबून दुरुस्ती केली आहे. सरांच्या देखरेखीखाली. इतकं पक्कं केलेलं कसं खराब होईल? तुम्हाला संस्थेने बोलावलंय का?"

मागून कुणीतरी हसलं. मी मुक्ताकडे पाहिलं. ती मान खाली घालून फाइलचा कोपरा दुमडत होती. मला पुन्हा तोच जुना कंटाळा आला, की आता हे असंच दुपारपर्यंत चालणार. तेवढ्यात पहिल्या रांगेत नानांनी हात वर केला आणि उभे राहिले. सभागृह आपोआप गप्प झालं. तिथल्या निम्म्या माणसांना त्यांनी शिकवलं होतं.

"ती दुरुस्ती मी करवून घेतली," ते म्हणाले. "तुम्ही माझ्या शब्दावर आलात. सिमेंट म्हणजे पक्कं असं मला वाटलं. आपण तुळयांची टोकं बुजवली, त्यांना वारा लागेना, ती आतून कुजली. आज सकाळी मी स्वतःच्या हातांनी बघितलं. ही बाई मला ते सांगत नव्हती, माझं वय बघून. उद्या वर एकही वर्ग भरणार नाही, एवढं आधी ठरवा. बाकी सगळं नंतर."

वकिलाचा आवाज खाली आला. "सर, पण वरचं उतरवलं की हे लोक खालचंही पाडतील."

"पाडतील. कदाचित नाही पाडणार. त्यासाठी तू भांड, मी पण येतो तुझ्याबरोबर. पण मुलांना वर बसवून भांडायचं नाही."

तो वकील खाली बसला. त्याने चष्मा काढून डोळे पुसले, आणि त्याच्याकडे कुणी बघितलं नाही.

वरचा मजला बंद करायचं एकमताने ठरलं. सुट्टीत तो मोडतोड न करता उतरवायचा, लाकडावर खुणा करून ठेवायच्या, हेही ठरलं. सात मजल्यांच्या चित्राबद्दल अध्यक्ष म्हणाले, तळमजला ठेवून मागच्या मोकळ्या जागेत काही बसतं का, त्यावर विचार करू. हा "विचार करू" मी इतक्या सभांमध्ये ऐकला आहे की त्याच्यावर मी काहीच बांधत नाही. तरी ते चित्र त्यांनी भिंतीवरून बंद केलं, हे मी बघितलं.

दुपारी वरचे बाक खाली आणायला ते सगळे पन्नाशी-साठीचे विद्यार्थी लागले. बाह्या सरसावून, एकमेकांना शाळेतल्या टोपणनावांनी हाका मारत. एकाची पाठ धरली, तो ओटीवर आडवा झाला. संस्थेच्या दोघातिघांनी कोट काढून ठेवले आणि तेही बाक धरायला गेले. सुरेखाताई खाली उभ्या राहून कुठला बाक कुठे ते सांगत होत्या आणि कुणाचंही ऐकत नव्हत्या.

नाना आणि मी कमानीत बसलो होतो.

"मुक्ताने तुला गप्प राहायला सांगितलं होतं ना?" त्यांनी विचारलं.

"हो."

"तिला वाटतं मी या धक्क्याने मरेन." ते थोडं हसले. "मरेन आता केव्हाही. पण यामुळे नाही." मग थांबून म्हणाले, "वाईट मात्र फार वाटतंय गं. फार."

मी म्हणाले, "मला पण, नाना." त्यांना ते पुरलं असावं. ते डोळे मिटून खुर्चीत मागे टेकले.

संध्याकाळी मुक्ता मला हायवेवर सोडायला आली. बस उशिरा आली. आम्ही दोघी पुलाखाली बॅगेवर बसून राहिलो. बस दिसल्यावर ती उठली आणि म्हणाली, "तू खोटं बोलायला तयार झालीस माझ्यासाठी. विसरणार नाही मी." मी म्हणाले, उपयोग नाही झाला. ती म्हणाली, "बरं झालं."

घाट चढताना पाय ठणकत होता. मला वाटलं होतं, झोप लागणार नाही, पण लगेच लागली.

सोमवारी सकाळी कोल्हापूरच्या स्टँडवर नवरा स्कूटर घेऊन आला होता. माझं लंगडणं बघून त्याने बॅग घेतली आणि नेहमीचा प्रश्न विचारला. मी कुठूनही परतले की तो हेच विचारतो, आणि बरीच वर्षं माझं उत्तर एकच असतं, नाही.

"वाचली का?"

"अर्धी," मी म्हणाले. "बहुतेक."

"अर्धी म्हणजे?"

स्टँडवरच्या घड्याळात शाळेची वेळ झाली होती. पार्ल्यात आता प्रार्थना संपली असेल, आठवीची मुलं खालच्या सभागृहात दाटीवाटीने बसली असतील, आणि आपल्याला वरून खाली का आणलं यावर कुरकुरत असतील. इतकी वर्षं मी दगड आणि लाकूड मोजत आले, आणि वाचली का या प्रश्नाचं उत्तर तेवढ्यातच शोधत आले; आत बसणारी मुलं मी त्यात कधी धरलीच नव्हती.

"थांब, पुन्हा सांगते," मी नवऱ्याला म्हणाले. "सगळी वाचली."

त्याने मान हलवली आणि स्कूटर सुरू केली.